वन्संची झोप

माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, सारा जन्म इस्पितळात रात्रपाळी केली. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मला वाटलं, आता निवांत झोपतील. कसलं काय! दिवे मालवले की यांची फेरी सुरू. माझ्या नवऱ्याचं पांघरूण सारखं कर, मुलीच्या कपाळाला हात लाव. मुलगी दचकून किंचाळायची, की सगळं घर जागं. शेवटी त्यांनीच जाहीर केलं, "धाकट्या भावाचं नवं घर बघून आलो की मी वेगळी खोली घेते. तुमच्या झोपेचं खोबरं करायला नको." मला ते मुळीच मान्य नव्हतं. मला त्या घरात हव्या होत्या, भांडायला आणि दुपारच्या चहाला.

त्या नव्या घरी आम्ही दोघी रात्रीच्या गाडीने निघालो. कप्प्यात समोर खालच्या बर्थवर एक खोकणारे गाणंमास्तर, त्यांच्या वर एक विमा एजंट.

"वन्सं, इथे तुमचे पेशंट नाहीत हं. झोपायचं," मी बजावलं.

"झोपते गं बाई."

मी वर चढले. डोळा लागतो न लागतो तोच आरडाओरडा. "चोर! माझं घड्याळ!"

दिवा लावून बघते तर एजंट उठून बसलेला, डोकं छताला आपटलेलं, आणि मनगट वन्संच्या बोटांत.

"ओरडू नका, मोजायला चुकते," वन्सं म्हणाल्या. "नाडी बघतेय. झोपेत कण्हत होतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर मात्र पोट धरून हसले आणि मग त्यांना दिसलं, की त्यांच्या उशीखाली वन्संची शाल घडी करून ठेवलेली आहे. "तरीच खोकला थांबला!" एजंट डोकं चोळत म्हणाला, "बरं, आहे कशी नाडी?"

"उत्तम. रात्रीचं जरा कमी जेवा."

पुन्हा दिवा गेला. सगळे आडवे झाले, वन्सं बसूनच. मी खाली उतरले. "का झोपत नाही तुम्ही?"

"चार्ज दिल्याशिवाय कसं झोपायचं?" त्या हळूच म्हणाल्या. "सकाळची सिस्टर यायची. तिला एकेक पेशंट सांगितला, ती 'बरं' म्हणाली, की माझे डोळे मिटायचे. शेवटच्या दिवशी वॉर्डच बंद केला त्यांनी. भाषणं झाली, फुलं दिली. चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही."

मी एरवी कशावरही हसते. तेव्हा हसू आलं नाही.

"मग मला द्या."

मी चेष्टा करतेय का, हे त्यांनी निरखून पाहिलं. मग ताठ बसल्या. "खाली मास्तर. खोकला, उशी उंच ठेवायची. वर एजंट. नाडी ठीक, पाय पांघरुणाबाहेर काढतो." जरा थांबून म्हणाल्या, "घरी भाऊ. पित्त, औषध टाळतो. तुझी मुलगी, परीक्षा आली की ताप. आणि तू. कंबर दुखते ते लपवतेस."

"बरं," मी म्हटलं. "घेतला चार्ज."

त्या आडव्या झाल्या आणि बघता बघता झोपल्या. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. एजंटाचा पाय बाहेर आला, तो झाकला. कंबर ठणकत होती, तरी इतकं छान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उजाडल्यावर त्यांना जाग आली. "काय गं, रात्री काही विशेष?"

"सगळे शांत. फक्त तुम्ही घोरत होतात."

"मी?"

"चांगलं दणदणीत!"

त्या उठून बसल्या. "मी घोरते? मला कधी कुणी सांगितलं नाही."

जन्मभर दिवसा एकट्या खोलीत झोपलेल्या बाईला सांगणार कोण? "वेगळी खोली घेतलीत तर आताही कुणी सांगणार नाही," मी म्हटलं. "घरीच राहा, मी रोज सकाळी सांगेन."

वन्संनी पांघरुणाची नीट घडी घातली.

"सांग," त्या म्हणाल्या. "पण भावादेखत नको."