मालूच्या म्हशीचे शंभर टक्के

सत्त्याण्णव सालची गोष्ट. टोकावड्याच्या मैदानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मालूची म्हैस, शिंगाला काळा दोरा, गळ्यात झेंडूची माळ. शेजारी माइक धरून दुग्धेश्वर महाराज!

"आजारानं या म्हशीचं दूध घटलं किती? पन्नास टक्के! माझ्या दोऱ्यानं वाढलं किती? शंभर टक्के! गेलं त्याच्या दुप्पट परत दिलं की नाय?"

"दिलं, दिलं!" बायांनी हात जोडले.

जनीचा मात्र नुसता जळफळाट चालला होता. मालू तिची धाकटी जाऊ. दोन वर्षांमागं लग्न होऊन आलेली, आणि दारात असली म्हैस! आता वर महाराजांच्या शेजारी खुर्ची! मेली हसतेय कशी बघा. जनीची म्हैस पाच लिटरच्या वर जायचं नाव घेत नव्हती. दोऱ्याची दक्षिणा म्हणून महाराजांना पारडी लागायची, म्हणून जनी आपली वर्षाची पारडी घेऊन आली होती. नवरा सावळाराम नको नको म्हणत राहिला, पण ऐकतो कोण? मालूच्या वर जायचं म्हणजे जायचं.

"ये बाय, पारडी दे. तुझं पण शंभर टक्के करतो," महाराज म्हणाले.

तेवढ्यात शाळेतल्या रोशनीबाई उठल्या. "महाराज, टक्के राहू द्या, लिटर सांगा. आजाराआधी किती, आजारात किती, आता किती?"

"देवाच्या कृपेला माप नसतं, बाई!"

 पण जनीच्या तोंडून निसटलंच, "आधी आठ, आजारात चार, आता आठ."

"तुमाला कसं ठाव, जाऊबाय?" मालूनं विचारलं.

"रोज मोजते, कुडाच्या फटीतून! वरस झालं. डोळ्यांत खुपतं गो माझ्या!"

सगळं मैदान हसलं. जनीचे कान तापले. रोशनीबाई मात्र हसल्या नाहीत.

"आठाचे चार झाले. गेलेले चार हे आठाचे निम्मे, म्हणून पन्नास टक्के. चाराचे आठ झाले. आलेले चार हे चाराएवढेच, म्हणून शंभर टक्के. लिटर गेले चार, आले चार. घटताना तुलना आठाशी, वाढताना चाराशी, एवढाच हा चमत्कार. आणि म्हैस बरी झाली ती जनावरांच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनानं, मीच बोलावलं होतं त्यांना."

"म्हंजे मूळच्यापेक्षा थेंबभर पण नाय वाढलं?" जनीनं विचारलं.

"थेंबभरही नाही."

महाराज गरजले, "मत्सरी बाई! देव बघून घेईल तुला!"

"हाय मी मत्सरी! म्हणून तर मोजलं. नायतर आज पारडी गेली असती!"

मागून गावातला धाऊ पुढं आला. "महाराज, आमची पारडी गेल्या आठवड्यात नेलीत. ती आधी आणा." मग दुसरा उठला, तिसरा उठला. महाराजांनी माइक खाली ठेवला.

जनी पारडी घेऊन घरी आली. मालूचे आठ लिटर तिला आजही सलतात. सलू देत. पण बाबांनो, कुणी टक्के सांगत आला, तर आधी विचारा, "कशाचे?" आणि उत्तर मिळेपर्यंत घरातलं काही देऊ नका.