अकरावी ओळ

"दहा झाल्या. आता अकरा," मुलगा वाचू लागला. "वरच्या सभागृहाला विधेयक अडवून धरता येतं का? आपल्याकडे, सहा महिने. डोंगरापलीकडे, नाही. नदीपलीकडे, एक वर्ष. बेटावर, वरचं सभागृहच नाही."

"थांब," आई म्हणाली. कच्च्या कागदावरचं तिचं बोट जागच्या जागी थांबलं. "माझ्याकडे ही बारावी आहे."

मुलगा सभागृहाच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं कारकून होता. आपल्या सभागृहाला काय करता येतं आणि शेजारच्या देशांतल्या सभागृहांना काय, याचा तक्ता सभासदांसाठी करायचा, हे त्याचं काम. तक्ता टंकून झाला की एकानं वाचायचा आणि दुसऱ्यानं कच्च्या कागदावर ताडून पाहायचा, अशी तिथली शिस्त. पण दुसऱ्या कारकुनाची जागा कित्येक वर्षं भरलीच नव्हती. म्हणून तो संध्याकाळी तक्ता घरी आणी आणि आई ताडून पाही. तिची शाळा चौथीत सुटलेली. सहा वर्षांपूर्वी पायही गेले, पण नजर मात्र टाचणीसारखी.

पहिल्यांदा तक्ता पाहिला तेव्हा ती म्हणाली होती, "लोकांच्या घरात कुणाचं चालतं, हे बघायचा सरकार पगार देतं? आम्ही बायका जन्मभर फुकटात करत आलो की!" मग तिनं आपल्या परीनं सगळं लावून घेतलं. सभागृह म्हणजे घरातली म्हातारी, राष्ट्रप्रमुख म्हणजे कर्ता मुलगा. डोंगरापलीकडची म्हातारी हात वर करून कर्त्यालाच बाहेर काढू शकते. बेटावरची नुसती मान डोलावते. "मेली असली काय नि नसली काय," असं म्हणून तिनं बेटावरचीला कायमचं निकालात काढलं होतं.

"अकरावी वाच," ती म्हणाली.

मुलानं चष्मा काढला. "ती काढायला सांगितलीय."

आईनं कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकेक अक्षर लावत स्वतःच वाचलं. राष्ट्रप्रमुखाला सभागृहाच्या संमतीवाचून सभागृह बरखास्त करता येतं का? शेजारच्या तिन्ही घरांत: नाही. आपल्याकडे: आजवर नाही.

"परवा सभागृहात मतदान आहे ना, ते हेच बदलायचं?"

"हो. त्याआधी तक्ता सगळ्यांच्या बाकांवर ठेवायचाय. साहेब म्हणाले, ही ओळ नको, सभासद गोंधळतील."

"खोटी आहे?"

"नाही गं."

"मग?"

"ठेवली तर बदली करतील, आई. सीमेजवळच्या त्या कागदांच्या कोठारावर. हे घर सोडावं लागेल. तिकडे ना दवाखाना, ना काही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सून हात पुसत दारात आली. "अहो आई, एका ओळीनं काय होतंय?"

"काही होत नसेल तर साहेबाला का टोचते गं?"

सून पुन्हा भांड्यांकडे वळली. आईला मात्र बोलल्याचं समाधान वाटलं नाही. पलंगापासून न्हाणीघर चार पावलांवर होतं आणि त्या चार पावलांपुरतीच सून तिला उचलून नेऊ शकत होती. खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं. एवढंच तिचं राज्य उरलं होतं. राहू दे म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

तिनं मुलाकडे पाहिलं. डोक्यावरचे केस पिकलेले, मान खाली. आई राहू दे म्हणेल, याची तो वाट बघत होता. तेच तिच्या जिव्हारी लागलं.

"काढायची तर स्वतःच्या जिवावर काढ," ती म्हणाली. "माझ्या पायांचं निमित्त करू नकोस."

मुलानं चष्मा पुन्हा चढवला. मग उठून टंकयंत्रापुढे बसला, पान पुन्हा टंकलं आणि अकरावी ओळ वाचली. आईनं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवलं. "बरोबर," ती म्हणाली.

मतदान झालं त्या दिवशी तो दुपारीच घरी आला.

"काय म्हणाले वाचून?" आईनं विचारलं.

"वाटलाच नाही तक्ता. खोकी तळघरात पडून आहेत. पाऊण तासात सगळं उरकलं."

"कुणीच विचारलं नाही? एकानंही?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. आठव्या दिवशी बदलीचा कागद आला. त्या दिवशी आई कुणाला एक शब्द टाकून बोलली नाही. सून मनातून घाबरली. मीठ जास्त पडल्याचंही म्हातारीनं काढलं नव्हतं.

निघायच्या सकाळी दोन हमालांनी तिला खुर्चीत बसवून चादरीनं बांधलं.

"सैल बांधा रे, पळून नाही जात मी," ती म्हणाली. सहा वर्षांत ती प्रथमच जिना उतरत होती. मुलगा मागून तिची उशी घेऊन येत होता.

दुसऱ्या मजल्यावर हमाल दम खायला थांबले. तिथं राहणाऱ्या शिपायाची बायको दार उघडून बाहेर आली. "अगंबाई आजी! कुठं निघालात?"

"सीमेकडे. लेकाची बदली झाली."

"एवढ्या लांब? का हो?"

"खरं लिहिलं म्हणून."

बाईनं वरच्या जिन्याकडे पाहिलं, खालच्या जिन्याकडे पाहिलं. मग ती आत सरकली आणि कडीचा आवाज होऊ नये अशा बेतानं तिनं दार लावून घेतलं.

"उचलायचं का, आजी?" हमालानं विचारलं.

म्हातारीनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि पाठ ताठ केली.

"उचला," ती म्हणाली. "आणि वाकडं धरू नका."