मावशींना बसवून आवळलेला बोल्ट

मी एक जुना पाना आहे, एकोणीस नंबरचा. मित्रांनो, या वयातही माझ्या अंगावर गंज नाही, ती वाल्मीक मिस्त्रीच्या तेलाच्या चिंधीची कृपा.

माझा जन्म घणाखाली झाला, एवढंच आठवतं. १९९३ साली वाल्मीकने नाशिक रोडला गॅरेज टाकलं आणि मला घेतलं. दातओठ खाऊन तो बोल्ट आवळायचा. आपण आवळलेलं कुणाच्या बापाला सुटायचं नाही, असं गिऱ्हाइकांना सांगायचा. मीही फुशारून जायचो. गर्वाचं घर खाली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

सरिताताई नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होत्या. त्यांच्याकडे वडिलांची जुनी फियाट होती. आई सिंधुबाईंचे गुडघे धरलेले, रिक्षात चढवत नसे. फियाटमध्ये मात्र त्या अलगद बसत. देऊळ, दवाखाना, बहिणीचं घर, सगळं त्या गाडीच्या जिवावर.

एकदा पुढच्या चाकातून खडखडाट येऊ लागला. चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या सांध्यात रबरी बुश असतो, तो फाटला होता. वाल्मीकने गाडी जॅकवर उचलून नवा बुश घातला आणि मला लावून त्यातून जाणारा बोल्ट करकचून आवळला. दोन महिन्यांत तोही फाटला. मग तिसरा. वाल्मीक रबराला शिव्या घाली आणि मला डब्यात आदळी. मला फार वाईट वाटे, कारण आवळणारा मीच होतो.

"वाल्मीकभाऊ, या खेपेला नाही जमलं तर गाडी भंगारात देते," सरिताताई म्हणाल्या. सिंधुबाईंनी मान खाली घातली.

गाडी पुन्हा जॅकवर चढली. बाकावरच्या सिंधुबाईंचा गुडघ्याचा पट्टा सैल झाला होता. तो बांधायला त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. बसूनच बांधा की मावशी, असं वाल्मीक म्हणाला.

"नाही रे बाबा. वाकल्या पायावर आवळला, की उभं राहिल्यावर रुततो. ज्या पायानं चालायचं, तसा पाय ठेवून बांधावा."

वाल्मीकचा हात थांबला. चाक हवेत लोंबत असताना तो बोल्ट आवळत होता. गाडी जमिनीवर आली, की भाराने दांडा वर वळे आणि आतलं रबर पिळलेलंच राहत होतं. त्याने कपाळावर हात मारला.

बोल्ट जरा सैल ठेवून त्याने गाडी खाली घेतली आणि ढकलत पिटवर, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर, आणली. "मावशी, फुडं बसा. ताई, तुम्ही स्टेअरिंगला." मग तो खड्ड्यात उतरला. या वेळी दातओठ खाल्ले नाहीत. त्याने हवं तेवढंच, बेताने आवळलं.

पुढे कित्येक वर्षं तो बुश फाटला नाही. २००६ साली रबर म्हातारं होऊन तो बुश गेला, तेव्हा गाडी परत पिटवर आली. सिंधुबाई आता काठी टेकत होत्या. सरिताताई म्हणाल्या, आईला कशाला त्रास, वजनाला सीटवर तांदळाचं पोतं ठेवू.

"नाय ताई. मावशी बसल्याबिगर मी आवळत नाय," वाल्मीक म्हणाला.

मित्रांनो, काम झाल्यावर आम्हा हत्यारांना पुसून ठेवत जा. आणि काहीही आवळण्याआधी गाडी जमिनीवर आणा, बसणाऱ्या माणसाला तिच्यात बसवा. त्या दिवशी मावशींचा भार मला खालून जाणवत होता, आणि तो पेलायला मी उपयोगी पडलो, याहून मला आणखी काय हवं?