सहा दिवसांनी मोठी

निवडीची यादी वाचून संपली, आणि रीनाचं नाव काही आलं नाही.

साकोलीच्या मैदानाच्या कडेला तुळसा लेकीची चप्पल हातात धरून उभी होती. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. रग्बी म्हणजे अंड्यासारखा चेंडू काखेत मारून पळायचं, एवढंच तिला ठाऊक. पण आपली पोर सगळ्यांच्या पुढे पळते आणि धडक बसली की आडवी होते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"काहून वो सर? पोरगी तं हरणीवानी पळून राहिली होती."

रग्बी शिकवणाऱ्या अतुलसरांनी यादी पुढे केली. "पळते वो तुळसाबाई. पण बारातल्या नऊ पोरी पाहा, जानेवारी-फेब्रुवारीच्या. गट पडते जन्माच्या सालावर. तुमची अठ्ठावीस डिसेंबरची. सालभर मोठ्या पोरींसंग भिडते बिचारी. चार दिवस उशिरा जन्मली असती, तं खालच्या गटात हेच सगळ्यात दांडगी!"

"मंग पुढच्या साली?"

"पुढच्या साली या गटात वय बसत नाही."

रीना जन्मली होती तीन जानेवारीला. घरीच, रंभाबाई सुईणीच्या हातावर. बाहेर पोरं सावित्रीमाईचा फोटो घेऊन प्रभातफेरीला निघाली होती. तुळसा तिचं नाव शाळेत घालायला गेली, तर गुरुजी म्हणाले, वय जरासं कमी पडते, पुढच्या साली आणा. म्हणजे धानाच्या रोवणीच्या दिवसांत पोर आणखी एक साल बांधावर चिखलात. "लिवा गुरुजी, अठ्ठावीस डिसेंबर," तुळसा म्हणाली होती. लेकीच्या शिक्षणासाठी बोललेलं एकच खोटं, तेही किती पटकन खपलं!

"सर, दाखल्यावरची तारीख बदलते का?"

"जन्माचा पुरावा लागते."

"रंभाबाई होती नं."

"मंग बोलवा तिले."

"मेली वो ते. दोन साल झाले."

लाखांदूरच्या एसटीत रीना सोललेल्या गुडघ्यावर फुंकर घालत बसली. "आई, मी रोज दूध पेली असती, तं घेतलं असतं का मले?"

तुळसानं हातातली चप्पल तिच्या पायात सरकवली.

दर तीन जानेवारीला ती सकाळीच पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. सावित्रीमाईचा, म्हणायची. यंदाही ठेवला.

"माह्या वाढदिवसाले तं काहीच नाही देत तू," रीना गूळ चघळत म्हणाली.

तुळसानं पदराला हात पुसले आणि शाळेत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

त्या दिवशी खिचडीत पहिल्यांदाच खडे लागले.