लाल नळापासून चौतीस फूट

दहा दिवसांची नोकरी कधी ऐकली आहे? आमच्या केन्ड्रेलची, माझ्या पोराची, तशी होती. बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमधल्या एका संघाने त्याला जानेवारीत दहा दिवसांसाठी बोलावलं. संघाचं नाव मी घेणार नाही, माझी जीभ अजून तेवढी स्वस्त झालेली नाही. दहा संपले, त्यांनी आणखी दहा दिले. तिसरे दहा देता येत नाहीत, नियमच आहे तसा. वीस दिवस झाले की एकतर माणसाला सीझन संपेपर्यंत ठेवायचं, नाहीतर बॅग हातात देऊन घरी धाडायचं. विसावा दिवस रविवारी पडत होता आणि रविवारी दुपारी एकला मॅच होती.

पोरगा बत्तीस वर्षांचा. मी त्याला पोरगाच म्हणणार, ज्याला आवडत नसेल त्याने कान झाकावेत. नऊ वर्षं तो तुर्कस्तानात, फिलिपाईन्समध्ये आणि नाव घेताना दात दुखतात अशा थंड देशांमध्ये खेळत हिंडला. डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. उन्हाळ्यात डॉक्टरने तोंडावर सांगितलं, फार तर आणखी एक सीझन. म्हणजे हे वीस दिवस हातून गेले की पोराने सात वर्षांचा असताना मोठ्या लीगमध्ये खेळायचं जे मागितलं होतं ते कायमचं गेलं.

त्याला बोलावलं ते एकाच गोष्टीसाठी. तिनाची रेष असते ना, जिच्या मागून घातला की तीन गुण, तिथून सगळेच टाकतात आताशा, सहा-सात फुटी धिप्पाड माणसंसुद्धा. केन्ड्रेल रेषेच्या मागे आणखी चार पावलं जाऊन टाकायचा. खालच्या लीगमध्ये त्या हिवाळ्यात तीस फुटांच्या पलीकडून त्याच्याइतके कुणी घातले नव्हते.

हे त्याला कुठल्या कोचने शिकवलं नाही, मी शिकवलं. गॅरी गावातल्या आमच्या गल्लीत विजेच्या खांबाला लूथरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कारखान्यातली लोखंडी कडी आणून ठोकली होती. आमच्या दारासमोर आग विझवणाऱ्यांचा लाल नळ आहे. तिथून खांब चौतीस फूट, लूथरने कारखान्याच्या टेपने मोजलेला. घरात नियम होता, संध्याकाळी नळापाशी उभं राहून एक घातल्याशिवाय जेवायला आत यायचं नाही. किती चुकले ते कुणी विचारत नसे. एक घाल आणि ये. बर्फात मोजे ओले करून पोरगं तासतासभर टाकत राहायचं आणि मी खिडकीतून म्हणायची, "चिकन थंड होतंय, माझं काही जात नाही." शेजारणी मला सैतानीण म्हणायच्या. म्हणेनात का.

शनिवारी अर्लीन माझ्या स्वयंपाकघरात चर्चसाठी माझे केस गरम कंगव्याने सरळ करत होती. अर्लीन ही लूथरची बहीण. चाळीस वर्षं मला तिचा वैताग आहे आणि तिच्याशिवाय माझा रविवार जात नाही. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. त्यात यादी आली होती, सगळ्यात लांबून सगळ्यात चांगला टाकणारे दहा जण.

"तुझा पोरगा नाही यात," ती म्हणाली.

"कान भाजशील माझा. वीस दिवसांत कुणी यादीत येतं का?"

"पहिला बघ. अर्ध्या मैदानातून टाकतो आणि वळून चालू लागतो. आत गेला का ते बघतसुद्धा नाही."

"आणि चुकतो तेव्हा?"

"चुकतो की. दहातले सहा-सात चुकतात सगळ्यांचेच."

"मग तेच तर सांगते तुला, अर्लीन. ही यादी चांगलं टाकणाऱ्यांची नाही. ज्यांना चुकायची परवानगी आहे त्यांची आहे. त्या पहिल्याने सलग नऊ चुकवले तर कोच त्याला पाणी विचारतो. माझ्या पोराने दोन चुकवले की त्याची खुर्ची जाते."

"झालं, बाईंचं प्रवचन सुरू," ती म्हणाली. पण यादी घडी करून पाकिटात ठेवली.

माझा जीव टांगणीला लागला होता तो एका आकड्यामुळे. वीस दिवसांत पोराने लांबून वीस टाकले, आठ आत गेले. शंभरात चाळीस. त्याचा एजंट फेल्प्स नावाचा, चकचकीत बुटांचा मनुष्य, त्याने पोराला सांगून ठेवलं होतं की चाळीसच्या खाली गेलास तर संघाचे वरचे लोक कराराचा कागद वाचणारही नाहीत. आणि आता खेळाडूंची एक खोड सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्वार्टर, म्हणजे खेळाचा पाव भाग, संपताना कधीकधी चेंडू हातात येतो आणि एक-दोन सेकंदच उरतात. अर्ध्या मैदानातून भिरकवायचा, दुसरं काही करता येत नाही. शंभरात दोन-तीन जातात. पण चुकला की तो तुमच्या नावावर चुकलेला म्हणून लागतो. म्हणून हे शहाणे काय करतात? एकदा चेंडू आपटतात, घड्याळाकडे बघतात, भोंगा वाजू देतात आणि मग टाकतात. लोकांना वाटतं, बिचाऱ्याला जरा उशीर झाला. भोंग्यानंतरचा मोजत नाहीत. आकडा जसाच्या तसा.

केन्ड्रेलने जन्मात असं केलं नव्हतं. रविवारी सकाळी मी त्याला फोन केला.

"जेवलास का?"

"ममा, सकाळचे आठ वाजलेत."

"म्हणजे नाही. ऐक. आज ते शेवटच्या सेकंदाचं आलं ना, तर धरून ठेव."

तो म्हणाला, "तू सांगतेस हे?"

"मीच सांगतेय. एक दिवसाचा प्रश्न आहे. चाळीस सांभाळ. उद्यापासून छतावरून टाक, मी आड येणार नाही."

"बाबा असते तर…"

"बाबा नाहीत. मी आहे. कळलं?"

"हो, ममा."

हो ममा! बत्तीस वर्षांत या पोराने मला उलट उत्तर दिलं नाही, आणि मला त्याचा केवढा गर्व. त्या दिवशी दिलं असतं तर किती बरं झालं असतं.

अर्लीनच्या ब्युइकमधून आम्ही दोन तासांवरच्या त्या शहरात गेलो. खेळाडूंच्या घरच्यांना बसवतात तिथे बसलो. पुढे सगळ्या बायकापोरी फरचे कोट घालून, त्यात मी चर्चची निळी टोपी घालून. मान खाली घातली नाही मी.

केन्ड्रेलला दुसऱ्या क्वार्टरमध्ये आत पाठवलं. धावला, अडवला, एकही टाकला नाही. मग हाफ संपायला तीन सेकंद असताना समोरच्यांचा चुकला आणि चेंडू उसळून थेट त्याच्या हातात आला. अर्ध्या रेषेच्या जरा पुढे होता तो. समोर कुणी नाही.

मला दिसलं. त्याचे पाय आपोआप नळापाशी उभे राहतात तसे लागले. कोपर वर आलं. आणि मग तो थांबला. चेंडू एकदा आपटला. वर घड्याळाकडे बघितलं.

"टाक ना रे!" अर्लीन ओरडली.

भोंगा वाजला. कडीमागचा लाल दिवा लागला. आणि मग त्याने टाकला.

तो चेंडू मी मरेपर्यंत विसरणार नाही. मोजायचा नव्हता म्हणून हात किती मोकळा! वर गेला, छताच्या दिव्यांत क्षणभर दिसेनासा झाला, आणि खाली आला तो कडीला न शिवता जाळीतून. अठरा हजार माणसं आधी ओरडली आणि मग हसली. पंचाने दोन्ही हात हलवले, नाही मोजत. केन्ड्रेलने पंचाकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"हाय रे देवा, अर्ध्या सेकंदाने चुकलं," अर्लीन म्हणाली. "काय फुटकं नशीब!"

मी तिला म्हणाले नाही की ते नशीब मी सकाळी आठ वाजता फोनवरून पाठवलं होतं.

बाकापाशी म्हातारा कोच हॉलिस्टर उभा होता. तो हसत नव्हता. हातातली डावपेच आखायची फळी काखेत मारून तो पोराकडे बघत राहिला, जसा मी दुकानात कोबी परत ठेवण्याआधी बघते तसा.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पोराला बसवून ठेवलं. चौथ्यातही. मी देवाशी बोलत होते, आणि मी देवाशी सहसा खालच्या आवाजात बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. चार सेकंद उरले, आमचे दोन गुणांनी मागे. कोचने बाकाकडे बोट केलं. केन्ड्रेलने अंगातलं जाकीट काढलं.

चेंडू त्याच्याकडे आला तो रेषेच्या पाच पावलं मागे. समोरचा लांब हात वर करून अंगावर धावला. आता धरून ठेवायची सोय नव्हती.

"टाक!" मी उभी राहून ओरडले. टोपी पुढच्या बाईच्या मांडीवर पडली. "नळावरून टाक, केन्ड्रेल!"

टाकला. वेळेत टाकला. सरळ होता, पण हात बांधलेला होता, मला खिडकीतून बघायची सवय आहे, मला कळतं. कडीच्या मागच्या काठावर आपटला, वर उडाला, अठरा हजार माणसांचा श्वास घेऊन वर गेला आणि बाहेर पडला.

दोन गुणांनी हरलो. पहिल्या हाफमधल्या त्या तिनाचं गणित अर्लीनलासुद्धा करता आलं. ते तीन मोजले असते तर एका गुणाने जिंकलो असतो.

खालच्या बोळात घरच्यांना थांबू देतात. तिथे हॉलिस्टर समोरून आला. मी वाट अडवली.

"तुम्ही कोच ना? मी केन्ड्रेलची आई."

"ओळखलं, बाई. टोपी वरून दिसत होती."

"पहिल्या हाफमध्ये त्याने धरून ठेवला, ते मी सांगितलं होतं. सकाळी फोन करून. त्याचे चाळीस राहावेत म्हणून. त्याचा दोष नाही."

त्याने भिंतीला पाठ टेकली. दमलेला माणूस होता. "कुठले चाळीस?"

"एजंटने सांगितलं, चाळीसच्या खाली गेला तर तुम्ही ठेवणार नाही."

"बाई, माझ्याकडे रेषेवरून चाळीस टक्के घालणारे पाच जण आहेत. मला असा एक हवा होता, जो कुणी टाकत नाही तिथून टाकेल आणि टाकताना स्वतःचा हिशेब करणार नाही. तो आला की समोरच्यांना त्याला अडवायला बाहेर यावं लागतं, बाकीच्यांना जागा होते. त्याने विसातले चार घातले असते तरी मी त्याच्यासाठी वर भांडलो असतो."

"आणि हाफचा तो चुकला असता तर?"

"तर चुकला असता. मंगळवारच्या मॅचला परत टाकला असता."

एकवीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहिले, लूथरच्या शवपेटीमागे चालले, कधी कुणाच्या बाहीला हात लावला नाही. त्या माणसाची बाही मी धरली.

"मग मंगळवार द्या त्याला. फक्त मंगळवार. मी फोन करणार नाही. माझा फोन तुम्ही ठेवून घ्या."

त्याने माझा हात काढला नाही. म्हणाला, "याला ठेवू नका असं मी हाफलाच वर सांगून आलो, बाई. त्यांनी दुसऱ्याला बोलावलंय. आता माझ्या हातात नाही."

केन्ड्रेल बॅग घेऊन मागे उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. "चल ममा," तो म्हणाला. "सर, थँक्यू." आणि म्हाताऱ्याशी हात मिळवला. तेवढं वळण मी लावलं आहे.

गाडीत अर्लीन दोनदा बोलली. एकदा म्हणाली, "मागे अंग पसरून बस, बाळा, गुडघा आखडेल." आणि एकदा म्हणाली, "यादीतल्या त्या पहिल्या हिरोलासुद्धा तसा घालता आला नसता."

"आत्ये, तो मोजत नाहीत," केन्ड्रेल म्हणाला.

पोचलो तेव्हा उजेड उतरत होता. मी किल्ली काढली, दार उघडलं, सकाळीच चिकन मसाल्यात घालून ठेवलं होतं ते तळायचं होतं. मागे वळून बघते तर पोरगा बॅग पायरीवर टाकून, व्हरांड्यातला जुना चेंडू घेऊन नळापाशी उभा. कडीला जाळी राहिलेली नाही, गंजून एका बाजूला झुकली आहे.

पहिला टाकला, चुकला. दुसरा, तिसरा. गुडघा धरत चालत जाऊन चेंडू आणायचा, परत नळापाशी यायचं. दहाव्या-बाराव्याला मी पायरीवर आले.

"केन्ड्रेल, आत ये. थंडी आहे."

"एक गेला नाही अजून."

"नियम माझा आहे. मी मोडला. ये."

"सकाळी एक मोडलास ना, ममा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चेंडू हातात फिरवत होता. "आता राहू दे."

आतून अर्लीन ओरडली, दार लाव, सगळी ऊब जातेय बाहेर. मी दार लावलं नाही. चपलांवरच रस्ता ओलांडून खांबाखाली जाऊन उभी राहिले, जिथे लूथर उभा राहायचा. चेंडू आला, कडीवर आपटून माझ्या पायाशी पडला. उचलून त्याच्याकडे फेकला तर निम्म्या वाटेतच पडला आणि गटाराकडे घरंगळत गेला. तो लंगडत आला, उचलला आणि मागे गेला.

"परत टाक," मी म्हणाले.

त्याने परत टाकला. अंधार पडेपर्यंत टाकत राहिला, आणि एकही गेला नाही.