पडद्यापलीकडचा ड्रायव्हर

सगळे ड्रायव्हर त्याला संसारी म्हणायचे. बाकीच्यांच्या ट्रकच्या केबिनमध्ये एखादी कळकट चादर आणि पाण्याची बाटली असायची, याच्या केबिनमध्ये मात्र अख्खा संसार होता. महिन्यातले वीस-बावीस दिवस गाडीतच काढायचे, तर ते माणसासारखे काढावेत, असं त्याच्या बायकोचं म्हणणं. तिने सीटमागच्या झोपायच्या फळीचं माप घेऊन कापसाची गादी शिवून घेतली, उशीला घरचा अभ्रा चढवला, कंगवा-ब्रशासाठी भिंतीला कापडी खिसे टाचले. सासरे जुने सुतार. त्यांनी फळीखाली खण करून दिला आणि पेले खडखडू नयेत म्हणून आतून स्पंज चिकटवला.

"आता एक गॅलरी तेवढी काढून घे," ड्रायव्हर म्हणायचे.

तो हसायचा. हसणाऱ्यांपैकी निम्मे त्याच्या गादीवर तासभर आडवे होऊन गेले होते.

शेवटी बायकोने सोफ्याचं उरलेलं जाड कापड दुहेरी करून सीट आणि फळी यांच्यामध्ये पडदा लावला. "अहो, दिवसा झोपायचं तर अंधार नको का?" पडदा ओढला की भर दुपारी रात्र व्हायची. मग त्यानेही हौसेने डोक्याशी छोटा पंखा बसवून घेतला. त्यात खोट एकच, किल्ली अर्धी फिरवून ठेवल्याशिवाय तो चालत नसे.

त्या दिवशी तो रात्रभर गाडी चालवून आला होता. मागे सोळा टन फरशी. अकराच्या सुमारास पेट्रोल पंपामागच्या पटांगणात त्याने गाडी लावली, हवेसाठी काच चार बोटं खाली ठेवली, मोबाइल पुढे चार्जिंगला लावला, पडदा ओढला आणि पंख्याच्या वाऱ्यात मेल्यासारखा झोपला.

जाग आली ती डोकं फळीवर आपटल्यामुळे. गाडी वळत होती. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, चालवता चालवता आपला डोळा लागला. तो दचकून स्टिअरिंग धरायला गेला आणि हातात उशी आली.

मग कोण चालवतंय?

तो तसाच, उशी छातीशी धरून पडून राहिला. पलीकडून एक माणूस बोलत होता.

"हो, घेतली. किल्ली गाडीतच होती. काचेतून हात घातला आणि दार उघडलं."

मोबाइलच्या स्पीकरमधून दुसरा आवाज आला, "आणि ड्रायव्हर?"

"नाही कुणी. गेला असेल जेवायला."

"मागे बघितलंस?"

पडदा त्या माणसाच्या पाठीपासून वीतभरही लांब नव्हता.

"पडदा आहे. सामान असेल मागे."

"थांबून बघून घे. कुणी असलं तर काय करायचं, तुला माहीत आहे. घाट उतर, खाली आम्ही उभे आहोत."

"इथे थांबायला जागा नाही, खाली आल्यावर बघतो."

पडद्याच्या कडेला बारीक फट होती. संसारीने मान न हलवता नुसते डोळे फिरवले. घामाने थबथबलेली एक मान दिसली, फाटकी कॉलर दिसली. शेजारच्या सीटवर हातभर लांबीची लोखंडी पहार होती. तेवढं बघितल्यावर त्याने डोळे मिटूनच घेतले. पहिल्यांदा आठवली ती धाकटी मुलगी. तिच्या वहीला घालायचं कव्हर आणायचं राहिलं होतं. मरायच्या वेळी माणसाला हे असलं काहीतरी आठवतं, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. ही वेळ बायकोचीच. त्या माणसाने शिवी घातली, काच आणखी खाली केली आणि मोबाइल बाहेर भिरकावला. आवाज मागे रस्त्यावर पडला आणि तुटला.

आता गप्प पडून राहायचं. खाली पोचल्यावर हे लोक फरशी उतरवायला मागे जातील, तेव्हा दार उघडून पळायचं. त्याने मनाशी तेवढं ठरवलं. ते पडदा आधी उघडतील की मागचा फाळका, याचा विचार त्याने मुद्दामच केला नाही.

गाडी उताराला लागली आणि त्याच्या अंगावर वेगळाच काटा आला. इंजिन मोकळं धावत होतं. खालचा गिअर टाकायचा सोडून हा माणूस वरच्या गिअरमध्ये घाट उतरत होता आणि पाय ब्रेकवर ठेवूनच बसला होता. याने आजवर टेंपो चालवला असेल फार तर. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग तो वास आला. जळक्या ब्रेकचा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. पाठोपाठ ब्रेकच्या हवेचा दाब कमी झाल्याचा भोंगा टी-टी करत सुरू झाला.

"ए, काय झालं हिला?" तो माणूस स्वतःशीच म्हणाला. त्याचा पाय धपाधप ब्रेकवर पडत होता आणि गाडीचा वेग वाढत होता.

बोलावं तर पहार, न बोलावं तर दरी. संसारीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिसऱ्या वळणाला मागची फरशी करकरली आणि गाडी एका अंगाला झुकली, तेव्हा तो बोलला.

"ब्रेकवरचा पाय काढ."

तो माणूस किंचाळला. स्टिअरिंग हललं, आरसा कठड्याला घासून गेला.

"पुढे बघ. मागे बघू नकोस. पुढे बघ." संसारीने पडदा सारला आणि दोन सीटांच्या मधून गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. "पाय मारून मारून हवा संपवलीस सगळी. आता मी सांगेन तेव्हाच मारायचा. क्लच दाब."

"काका, थांबत नाही ही."

"क्लच दाब म्हणतो ना. आता सोड. रेस दे. दे, दे. परत दाब."

दांडा अडला, दात खरखरले. संसारीने दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून तो ओढला. गिअर पडला. इंजिन ओरडलं आणि दोघंही पुढे फेकले गेले. वेग थोडा मोडला. आणखी एक गिअर पाडायला दोन वळणं लागली. तोवर तो माणूस नुसतं "काका, काका" करत होता आणि संसारी, "बरोबर, असंच, धरून ठेव," असं आपल्या मुलीला सायकल शिकवताना म्हणायचा तसं म्हणत होता.

डाव्या हाताला दरडीशेजारी मातीचा ढीग होता. "मातीत घाल," तो म्हणाला. गाडी मातीत रुतली, हिसका बसला आणि संसारीने हँडब्रेक ओढला.

भोंगा वाजतच होता. मग त्या माणसाने पहार उचलली.

संसारी फळीवर मागे सरकला. पाठ भिंतीला टेकली, आणखी जागा नव्हती. त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. तिशीचा असेल. ओठ पांढरे पडले होते. मग तो खाली उतरला, पहारेने दरडीतला एक दगड मोकळा केला, तो मागच्या चाकाला लावला आणि रस्ता सोडून झाडीत वर चढून गेला.

संसारीने काच चढवली, दोन्ही दारं लावली. ब्रेक निवल्याशिवाय गाडी हलवता येत नव्हती आणि खाली ते लोक उभे होते. मोबाइल नव्हता. वर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज आला की तो सीटखाली बसायचा.

किती वेळ गेला कोण जाणे. एक दुधाचा टँकर शेजारी थांबला. त्याचा म्हातारा ड्रायव्हर काचेवर टकटक करत म्हणाला, "ब्रेक गेले का रे बाबा?"

संसारीने दार उघडलं नाही. काच बोटभर खाली करून फोन मागितला. पोलिसांना लावला आणि मग बायकोला.

"अहो, मघाशी उचलला नाहीत. झोप लागली होती का?"

"हो," तो म्हणाला. आणि त्याने फोन काचेच्या फटीतून बाहेर केला. म्हाताऱ्याने फोन परत घेतला आणि "वहिनी, गाडी बिघडली आहे, माणूस ठीक आहे," असं सांगून टाकलं. पोलीस येईपर्यंत तो टँकर आडवा लावून तिथेच बसला.

खाली कुणी सापडलं नाही. झाडीत गेलेलाही सापडला नाही. पोलिसांनी विचारलं तेवढं संसारीने सगळं सांगितलं, चाकाला लावलेल्या दगडासकट. त्यांनी दगड काही लिहून घेतला नाही.

घरी आल्यावर तो बायकोला सगळं एकदम सांगू शकला नाही. तुकड्या-तुकड्याने आठवडाभर सांगत राहिला. "मीच शिवला तो मेला पडदा," असं म्हणत ती रडली. "तुझ्या पडद्यामुळेच आधी वाचलो," तो म्हणाला. ते खरं होतं की नाही, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

पोट हातावरचं, त्यामुळे गाडी सोडणं शक्य नव्हतं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा निघाला. आता किल्ली खिशात असते, काच बंद असते, पंखा फिरत नाही. गादीवर तो घामाने भिजून पडतो, झोप लागतेही, पण गाडी उभी असताना ती वळल्यासारखी वाटते आणि तो उठून बसतो.

घरच्या खाटेवरही तसंच होतं. "हलतेय का गं?" तो विचारतो.

"खाट आहे ती," बायको झोपेतच म्हणते आणि त्याचा हात धरून ठेवते. तो उघड्या डोळ्यांनी पडून राहतो.