घामाच्या टोळीचा नियम

माझं दुकानच मुळी शॉर्टकटवर चालतं, त्यामुळे शॉर्टकटची लाज मला कोणी शिकवू नये. इंचॉनच्या बाजारात मी भाताबरोबरची तोंडीलावणी विकते. किमची, मुरवलेला मुळा, परतलेली बारीक सुकी मासळी, तिळाच्या तेलातल्या पालेभाज्या. सणाच्या आदल्या दिवशी तर पितरांपुढे मांडायचं अख्खं ताट विकते. नोकरीवाल्या सुना येतात, डबे नेतात आणि घरी जाऊन आपल्या पातेल्यात ओततात. सासवा नाकं मुरडतात आणि दोनदा वाढून घेतात. आजवर कुठल्या पितराने ताट परत पाठवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे सगळं मी त्या बांग गीहोला तोंडावर सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ!

गीहोचं चष्म्याचं दुकान आहे. पन्नाशी उलटलेली, बोलणं मऊ, शर्टाला कडक इस्त्री. पण 'नऊ दरवाजे' नावाच्या ऑनलाइन गेममध्ये तो एका टोळीचा सरदार. माझ्या धाकट्या बहिणीचा, मीरानचा नवरा थेसॉप त्याच टोळीत होता. टोळीचं नाव 'घामाची टोळी' आणि नियम एकच: गेमवर एक वॉनही खर्च करायचा नाही. बाकीच्या टोळ्या कंपनीकडून तलवारी नि चिलखतं विकत घ्यायच्या आणि किल्ले जिंकायच्या. ही माणसं महिनोन्‌महिने बसून, राक्षस मारून मारून तीच तलवार कमवायची. तरी त्यांनी एक किल्ला राखला होता, आणि त्याच्या मुख्य दरवाजात उभं राहायचा मान थेसॉपचा होता. तिथे त्याचं नाव 'लोखंडीहात'.

हसू नका. थेसॉपने बंदरात उभा जन्म क्रेन चालवली. एक दिवस वर केबिनमध्येच छातीत कळ आली. खाली उतरवला, अँजिओप्लास्टी केली, जीव वाचला. पण हृदयाच्या पेशंटला क्रेनवर कोण चढवणार? कंपनीने पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं. मित्रांचे फोन आधी कमी झाले, मग थांबले. गेममध्ये मात्र तो आला की सगळीकडून 'दादा आले, दादा आले' सुरू व्हायचं. माणसाला तेवढं पुरतं हो. मला कळत होतं ते.

आता झालं असं की तो हॉस्पिटलात असताना गेमवाल्या कंपनीने खेळ बदलला. दरवाजात उभं राहायला आता ऐंशीवी लेव्हल लागणार, आणि हा बराच खाली अडकलेला. टोळीने त्याची जागा राखून ठेवली, पण पानगळीत मोठा वेढा पडतो, तोवरच. मग काय, हा बाबा सकाळी भात खाऊन निघायचा आणि गेमकॅफेत जाऊन दिवसभर बसायचा. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं: रोज चाला, वेळेवर झोपा, तासन्‌तास एका जागी बसू नका, पुढचा झटका शेवटचा असेल. घरी यायचा तेव्हा पाय सुजलेले आणि ओठ निळसर.

मीरान माझ्या दुकानात येऊन मुळा चिरता चिरता रडायची.

"ताई, हे असे मरतील गं."

"मग तो कॉम्प्युटर फोडून टाक."

"घरात कुठाय कॉम्प्युटर? कॅफे फोडू का?"

तिला 'उडी-तिकीट' सापडलं ते फोनवर. थेसॉप हॉस्पिटलात असताना गेममधली रोजची हजेरी तीच त्याच्या नावाने लावायची, हजेरी चुकली की बक्षीस बुडतं म्हणे, त्यामुळे पासवर्ड तिला ठाऊक होता. आणि तिथेच जाहिरात होती. तिकीट घ्या, एका क्षणात ऐंशीव्या लेव्हलवर जा. तलवार नाही, चिलखत नाही. 'आम्ही ताकद विकत नाही, फक्त वेळ वाचवतो,' असं खाली लिहिलेलं. मीरानला वाटलं, बस्स, हेच. नवरा दोन दिवस चिडेल, मग दरवाजात उभा राहील आणि संध्याकाळी घरी येऊन झोपेल. मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, घे बाई, आत्ता घे.

तिने तिकीट घेतलं. तिला एवढंच माहीत नव्हतं की तिकीट वापरलं की कंपनी तुतारी वाजवते. त्या दुपारी गेममधल्या प्रत्येकाच्या पडद्यावर सोनेरी अक्षरं सरकत गेली: 'वीर लोखंडीहात यांनी उडी-तिकीट घेतले आहे. हार्दिक अभिनंदन!' शत्रूच्या टोळ्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. 'काय रे, घामाला अत्तर लावलं का?' 'दरवाजा हप्त्यावर घेतला का दादांनी?' थेसॉप तेव्हा कॅफेत खुर्चीवर बसून ते वाचत होता.

तो घरी आला तो पांढराफटक. ओरडला नाही. "मीरान, हे काय करून बसलीस गं," एवढंच म्हणाला आणि बूट न काढता उंबऱ्यावर बसून राहिला. आमच्याकडे कोणी बूट घालून घरात पाऊल टाकत नाही, आणि त्याला ते काढायचंही सुचत नव्हतं.

त्या रविवारी टोळीची बैठक होती. महिन्यातून एकदा ही मंडळी डुकराचं मांस भाजायच्या हॉटेलात दुपारी जमायची आणि तिथेही एकमेकांना गेममधल्या नावांनी हाका मारायची. टक्कल पडलेला पोस्टमन 'काळी चिमणी', गीहो 'पांढरा वाघ'. मी आणि मीरान न बोलावता गेलो. थेसॉप खाली मान घालून कोपऱ्यात बसला होता.

"या वहिनी, बसा. ताई, तुम्हीपण," गीहो उठून म्हणाला. हातात मांस कापायची कात्री. अदबीत कुठे कमी पडेल तर तो गीहो कसला!

मीरान बसली नाही. "नियम यांनी मोडला नाही, मी मोडला. यांना माहीतसुद्धा नव्हतं. मला काय बोलायचं ते बोला."

"वहिनी, तुमच्यावर कोणाचा राग नाही. पण लेव्हल कोणाची वाढली? लोखंडीहातची."

"सरदार, खरं बोलू का?" काळी चिमणी मधेच म्हणाला. "तलवार विकत घेतली तर ते पैसे देऊन जिंकणं. हे तसं नाही. दादांनी हा रस्ता चालून पार केलाच असता. वहिनींनी फक्त टॅक्सी करून दिली."

"मग चालू दे ना त्याला!" गीहोने कात्री खाली ठेवली. "अरे, श्रीमंतापेक्षा गरिबाकडे एकच गोष्ट जास्त असते, वेळ. कंपनीने तोही दुकानात मांडला. ताकद विकत नाही, वेळ विकतो म्हणे! वेळ हीच आपली ताकद होती ना? ज्याने बसून बसून डोळे फोडले तो आणि ज्याने बटण दाबलं तो, दोघं एकाच दरवाजात? मग आपण एवढी वर्षं काय झक मारली?"

माणूस मूर्ख नव्हता, हेच दुर्दैव. त्याच्या बोलण्यात दम होता. मी त्याला माझ्या दुकानाचं सांगितलं, पितरांच्या ताटाचं सांगितलं. दोघे-तिघे हसले.

"ताई, ताट वेगळं. तिथे कोणी हरत नाही," गीहो म्हणाला.

"बरं, नाही हरत. मग मला एवढंच सांगा. तुमच्याकडे पैशाऐवजी वेळ चालतो. थेसॉपकडे पैसा नाही, आणि डॉक्टर म्हणतात वेळही नाही. अशा माणसाने तुमच्या दरवाजात उभं राहायला द्यायचं काय? जीव?"

जाळीवरचं मांस करपायला लागलं तरी कोणी उलटेना.

"तुम्ही बाहेरच्या आहात, ताई. तुम्हाला नाही कळायचं."

"बाहेरची आहे म्हणूनच दिसतंय मला!"

त्यांच्या निवाड्याची रीत अशी होती: प्रत्येकाने आपला सोजूचा, म्हणजे दारूचा, पेला समोर ठेवायचा. सरळ ठेवला तर माफ, पालथा घातला तर टोळीबाहेर. काळ्या चिमणीने सरळ ठेवला. त्याच्या शेजारच्याने सरळ. एक पालथा पडला, पण पुढचे पुन्हा सरळ. गीहोसुद्धा आपला पेला हातात फिरवत घुटमळत होता, आणि मीरानने माझा हात घट्ट धरला. सुटणार होता हो थेसॉप! तिकीट वापरून झालेलं, माफी मिळालेली, दुसऱ्या दिवसापासून घरी.

तेवढ्यात थेसॉपने आपल्या पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि पेला पालथा घातला.

"दादा, हे काय!"

"माझ्यासाठी नियम वाकवू नका," तो म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बोलत होता. "क्रेनवरून उतरवलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. इथे तरी मला माझ्या पायांनी उभं राहू द्या. हा लोखंडीहात मी पुसून टाकतो. त्याच नावाने पहिल्या लेव्हलपासून चढतो. वेढ्याच्या आत दरवाजात येतो की नाही बघा."

टाळ्या पडल्या. खरंच, टाळ्या! गीहोचे डोळे भरून आले. त्याने टेबलाला वळसा घालून थेसॉपला मिठी मारली आणि म्हणाला, "याला म्हणतात माणूस." थेसॉपच्या तोंडावर जे तेज आलं, ते आजारपणानंतर मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि पहिली त्याच्या.

मीरान एवढंच म्हणाली, "मला आता घरी ने, ताई."

त्यानंतर काय सांगू! तो बसला. मीरान दुपारी डबा घेऊन कॅफेत जायची, हाताला धरून त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत चालवून आणायची. तो मुकाट्याने चालायचा आणि परत जाऊन त्याच खुर्चीत बसायचा. गीहो रोज फोन करायचा. "दादा, तब्येतीला जपा हं," आणि त्याच श्वासात, "कुठवर आलात?" मी मीरानला म्हटलं, सोड त्याला, ये माझ्याकडे राहायला, एकटा पडला की शुद्धीवर येईल. ती म्हणाली, "मी गेले तर डबा कोण नेणार?"

असाच एक दिवस ती डबा घेऊन गेली तेव्हा तो खुर्चीत मान टाकून होता. शेजारच्या गिऱ्हाइकाला वाटलं होतं, डुलकी लागली असेल. हेडफोन कानातच. पडद्यावर त्याचा लोखंडीहात माळरानावर उभा होता आणि रानडुकरं त्याला धडका देत होती. तो मरायचा, आपोआप उठायचा, परत मरायचा. मीरानने आधी नवऱ्याचा हात धरला, थंड लागला, आणि मग तिने काय केलं तर तो पडदा हाताने झाकला. तिला ते बघवेना.

अंत्यविधी हॉस्पिटलच्या तळघरातल्या हॉलमध्ये. बंदरातून दोघंच आले. टोळी मात्र झाडून सगळी आली, काळ्या सुटात. फोटोपुढे दोनदा लोटांगण घातलं, मीरानला वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठवलेला पांढऱ्या शेवंतीचा हार सगळ्यांत मोठा होता, पट्टीवर मोठ्या अक्षरात 'घामाची टोळी'. काळी चिमणी लहान पोरासारखा रडला. त्याचा मला राग आला नाही.

मी येईल त्याच्यापुढे भात आणि तिखट सूप ठेवत होते. गीहोने मीरानला टेबलाशी बोलावलं आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"वहिनी, एक विनंती होती. किल्ल्यात दादांना मानवंदना द्यायचं ठरलंय. शत्रूच्या टोळ्यासुद्धा हत्यारं ठेवून येणार आहेत. लोखंडीहातला त्याच्या दरवाजात उभं करायचंय."

मीरानने मान डोलावली.

"फक्त तो अजून निम्म्यावरच आहे. ऐंशीशिवाय दरवाजा आत घेत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून एक तिकीट घेतलंय. पासवर्ड तेवढा तुमच्याकडून हवा होता."

"कसलं तिकीट?"

"उडीचं."

माझ्या हातातला वाडगा हातातच राहिला. मीरानच्या अंगावर काळा पोशाख, केसात शोकाची पांढरी पिन, आणि दोन दिवसांत पोटात अन्नाचा कण नाही. तरी तिचा आवाज अगदी सरळ होता.

"मग नियम?"

"गेलेल्या माणसाला कसला नियम, वहिनी. त्याला आता कोणाविरुद्ध जिंकायचंय?"

"आधी कोणाविरुद्ध जिंकायचं होतं?"

मग तिने तिथेच कागदाच्या रुमालावर पासवर्ड लिहिला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"हा घ्या. पण तिकीट नको. तुम्ही सगळे मिळून चढवा त्यांना. पाळ्या लावा आणि बसा. ते बसत होते तसे."

"अहो वहिनी," गीहो चटकन म्हणाला, "दुकानं आहेत, पोरंबाळं आहेत. महिने लागतील त्याला. एवढा वेळ कोणाकडे आहे?"

बोलून गेला. काळ्या चिमणीने चमचा खाली ठेवला. गीहोने रुमालाकडे बघितलं, पण उचलायला हात पुढे केला नाही. मीरान त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत रागसुद्धा नव्हता.

"जेवून जा," ती म्हणाली आणि उठून फोटोपाशी जाऊन बसली.

मी सूपचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. आदळला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.